फाटकाचे बावीस टोले

मला रेल्वे फाटकाची घंटा ऐकायला आवडते. तेवढंच. या वाक्यापुढे 'कारण' म्हणून काहीतरी जोडावं अशी लोकांची अपेक्षा गेली तीस वर्षं आहे, आणि तीस वर्षं मी ते जोडलेलं नाही.

मार्च लागला की हे सगळं वर येतं. मी अंबाजोगाईला शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या गावाला रेल्वे नाही. पण मार्चमध्ये शाळेसमोरच्या रस्त्यावरून कडब्याच्या गाड्या जायला लागतात, हवेत जवारीच्या पाचोळ्याचा तो कोरडा, गोडसर वास भरतो, वर्गात पोरं मान खाली घालून पेपर लिहीत असतात, आणि त्या शांततेत माझे कान आपोआप काहीतरी शोधायला लागतात. मग एखाद्या रविवारी मी एसटी पकडते आणि घाटनांदूरकडे जाते. अजून माणूस असलेलं फाटक कुठे उरलंय ते मला माहीत आहे. तिथं रस्त्याच्या कडेला उभी राहते, दोन गाड्या जाऊ देते आणि परत येते.

स्टाफरूममध्ये एकदा हे कळलं. एक तरुण सर म्हणाले, "मॅडम, व्हिडिओ काढून टाकत जा की. असलं बघणारे लोक असतात. चांगलं चॅनेल होईल तुमचं."

"कशाला?" मी विचारलं.

ते गोंधळले. त्यांनी भलेपणानंच सुचवलं होतं. एवढ्या लांब जायचं, उन्हात उभं राहायचं, तर त्यातून काहीतरी निघायला हवं, हे त्यांना इतकं उघड वाटत होतं की माझा प्रश्नच त्यांना कळला नाही. त्यांचा दोष नाही. मी त्यांच्याहून लहान होते तेव्हाच हा वारा सुटला होता.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी परळीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. गावात पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ झाले होते. केबलच्या काळ्या वायरी एका माळवदावरून दुसऱ्या माळवदावर उड्या मारत गेल्या होत्या. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या किराणा दुकानात पूर्वी शिकेकाईची पोती असायची, तिथं आता शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या. दर दुसऱ्या गल्लीत कॉम्प्युटर क्लासचा बोर्ड लागत होता. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता: उपयोग. हे शिकून काय उपयोग? त्या कोर्सचा उपयोग हाय का? माझा चुलतभाऊ घरी आला की म्हणायचा, "गिरजे, फिजिक्स सोड, कॉम्प्युटर घे. जग कुठं चाललंय बग." जग कुठं चाललंय ते मी बघत होते. मला त्याच्याबरोबर जायची घाई नव्हती, एवढंच.

माझी मैत्रीण नसरीन. तिच्या वडिलांचं बसस्टँडजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. हातगाडीवर स्वस्त घड्याळं ढिगानं विकायला आली तेव्हापासून त्या दुकानात दुरुस्ती कमी आणि बसणं जास्त झालं होतं. नसरीन लहानपणापासून त्या टिकटिकीत वाढलेली. तिचे कान म्हणजे वेगळीच चीज होती. भिंतीवरचं घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागं पडतंय हे ती नुसतं ऐकून सांगायची.

आमचं कॉलेज गावाबाहेर, आणि वाटेत रुळांचं फाटक. पलीकडं जवारीची रानं, आणि लांबवर थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या. रोज सायकलवरून जाताना त्या फाटकावर आम्ही अडकायचो. कोळशाची मालगाडी आली की डबे मोजता मोजता जीव जायचा. रांगेत काळीपिवळी जीप, त्यात कोंबलेली माणसं, ट्रॅक्टर, म्हशी, सगळे एकाच गोष्टीवर चिडलेले. एक दिवस, डिसेंबरच्या सुमाराला, फाटक पडत असताना नसरीननं मान तिरकी केली आणि म्हणाली, "गिरजे, आज घंटी लंगडी वाजायली."

मी हसले. पण दुसऱ्या दिवशी मी लक्ष देऊन ऐकलं. आणि त्यानंतर मला न ऐकणं जमलं नाही.

ती घंटा कशी होती ते सांगते. फाटकाजवळच्या खोलीत एक लोखंडी चाक असायचं, त्याला दांडा. गेटमन दांडा फिरवायचा तसा रस्त्यावरचा लांब आडवा बांबू खाली यायचा. बांबू म्हणायचं, होता तो लोखंडीच, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला घंटेवर एक टोला पडायचा, म्हणजे रस्त्यावरच्यांनी सावध व्हावं. पहिल्या टोल्यापासून बांबू खाली टेकेपर्यंत बावीस टोले. बावीसच. कधी एकवीस नाही, तेवीस नाही. माणूस बदलला तरी टोले तेवढेच. बदलायची ती चाल. दोन टोल्यांमधलं अंतर. त्यात माणूस ओळखू यायचा.

आम्ही वही केली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तारीख, वेळ, पहिल्या टोल्यापासून शेवटच्या टोल्यापर्यंत किती सेकंद, हवा कशी, आणि शेवटी 'शेरा'. सेकंद मोजायला नसरीन वडिलांचं जुनं स्टॉपवॉच ओढणीच्या गाठीत बांधून आणायची. शेरे तिचेच असायचे. "ओली वाजली." "आज पातळ." "उन्हानं कडक." "धुळीतली." त्या शेऱ्यांचा अर्थ मला तेव्हा पक्का कळायचा. आज कुणाला समजावून सांगता येणार नाही, पण धुळीतली घंटा कशी वाजते ते मी अजून डोळे मिटून सांगू शकते.

तिथले दिवसपाळीचे गेटमन तुळशीराम मामा. युसूफ वडगावचे. पन्नाशी ओलांडलेले, बारीक अंगाचे. ते सांगायचे, "आमच्या गावात गाडी म्हंजी बैलगाडी. म्या रेल्वेत लागलो तवा माय म्हनली, लोखंडाच्या गाडीला वैरण काय घालत्यात रं?" खोलीच्या मागंच त्यांचं एका खोलीचं क्वार्टर. त्यांची बायको, रुक्मिणमामी, दारात शेवग्याच्या सावलीला बसून जवारी पाखडत असायची. आम्ही मामांच्या खोलीत कधी गेलो नाही. तिथं बाहेरच्यांनी जायचं नसतं. मामीच्या अंगणात बसायचो. तिथून सगळं ऐकू यायचं. आधी आत फोन खणखणायचा, स्टेशनहून. मामा खुणेचा एक आकडा मोठ्यानं म्हणायचे, रजिस्टरात लिहायचे. मग चाकाचे बावीस टोले. मग फाटकाला कुलूप घालणाऱ्या किल्लीची खटखट. मग ते दुसरा दांडा ओढायचे आणि जमिनीलगतची तार सरसरत जायची, आणि लांब, पार वळणावर, सिग्नलचा हात खाली पडायचा.

'सिग्नल पडला' म्हणतात. बाकी सगळीकडं पडणं वाईट. पिकाचा भाव पडतो, भिंत पडते, माणूस तोंडावर पडतो. रेल्वेत मात्र हात पडला म्हणजे वाट मोकळी. मला ही भाषा फार आवडायची. मामा म्हणायचे, दुपारच्या उन्हात तार ढिली होती, मग हात अर्धाच पडतो, ड्रायव्हरला कळंना की थांबू का जाऊ. म्हणून ते तार ओढून धरणारा पेच रोज दुपारी थोडा आवळायचे. सकाळी परत सैल करायचे. तीस वर्षं रोज. याला नोकरी म्हणतात हे मला ठाऊक होतं, पण मला ते बघताना कुणीतरी वाद्य जुळवतंय असंच वाटायचं.

आता लोकांचं. दोन पोरी सायकली लावून फाटकाजवळ तास-तास बसतात, हे दिसायला किती दिवस लागणार? जानेवारी संपता संपता चर्चा सुरू झाली. पहिला प्रश्न हाच की तिथं कोण आहे. म्हणजे पोरगा कोण आहे. दुकानात येणाऱ्या एका बाईनं आईला ऐकवलं. कॉलेजात एकानं नसरीनला तोंडावर विचारलं. रात्रपाळीचा गेटमन तरुण होता, पण आम्ही असायचो तेव्हा तो नसायचा. मग ड्रायव्हर असेल. मग जीपवाला असेल. लोकांनी खूप शोधलं. एखादा माणूस सापडला असता तर गावाला बरं वाटलं असतं. रागावता आलं असतं, समजून घेता आलं असतं. पण दोन पोरी नुसती घंटा ऐकायला जातात हे मान्य करणं कुणालाच झेपेना. पोरगी वाईट असणं चालतं, विनाकारण कशात तरी रमलेली चालत नाही.

आमच्या फिजिक्सच्या सरांच्या कानावर गेलं. ते चांगले होते. त्यांनी मला बोलावून म्हटलं, "हे बघ, ध्वनीवर प्रोजेक्ट म्हणून लिहून आण. मी सही करतो. मग कुणी बोलणार नाही."

"सर, प्रोजेक्ट नाही ते."

"मला माहीत आहे. पण म्हणायला काय जातं?"

काय जातं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. एवढंच वाटलं की एकदा 'प्रोजेक्ट' म्हटलं की ती घंटा माझी राहणार नाही. मी नाही म्हणून आले. नसरीन म्हणाली, "बरं केलं. माझे शेरे वाचून सरांना चक्कर आली असती."

फेब्रुवारीत रानातली जवारी काढायला सुरुवात झाली. बायका ओळीनं धाटं उपटत जायच्या, आणि फाटकावर कडब्यानं भरलेल्या गाड्या अशा उंच यायच्या की बांबूला घासून पाचोळा खाली गळायचा. त्याच दिवसांत वहीत एक गोष्ट दिसायला लागली. मामांचे बावीस टोले डिसेंबरात सव्वीस सेकंदांत व्हायचे. जानेवारीत एकोणतीस. आता चौतीस, पस्तीस. आणि चौदाव्या टोल्यानंतर एक थांबा. रोज, त्याच जागी. नसरीनच्या शेऱ्यांत सारखं तेच यायला लागलं: "चौदानंतर थांबले." "चौदानंतर थांबले, जास्त." "चौदानंतर हात बदलला."

मग आम्हाला इतर गोष्टी दिसल्या. फोन आला की पूर्वी मामा हातातला चहा संपवून उठायचे; आता कप तसाच ठेवून उठायचे. वेळ जास्त लागतो म्हणून लवकर सुरुवात. फाटक वेळेतच पडायचं, कुठं काही चुकत नव्हतं. पण उजवा खांदा त्यांना वर उचलवत नव्हता. मामी रोज संध्याकाळी तेल गरम करायची ते कशासाठी, हे आम्हाला तेव्हा उमगलं. आम्ही हे कुणाला सांगितलं नाही. रेल्वेत अशा कामाला अंग धड लागतं. मामांची नोकरी दोन-तीन वर्षं उरली होती, आणि ते क्वार्टर नोकरीबरोबरच होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रुळावरून ढकलट्रॉली आली. चार माणसं पळत ढकलत होती, वर छत्रीखाली रेल्वेचे एक साहेब बसले होते. ट्रॉली फाटकाशी थांबली. साहेब उतरून सरळ मामीच्या अंगणात आले. कुणीतरी अर्ज केला होता, गेटवर पोरी बसतात म्हणून.

साहेब खेकसले वगैरे नाहीत. मामीनं दिलेलं पाणी प्याले. मामा बाजूला उभे होते, टोपी हातात. साहेबांनी आमची नावं विचारली, कॉलेज विचारलं. मग माझ्या मांडीवरच्या वहीकडे बोट केलं.

"यात काय लिहिता?"

"घंटेचं," मी म्हणाले.

"घंटेचं काय?"

"कशी वाजते ते."

ते म्हणाले, "हे बघा, मला अर्जाला उत्तर लिहायचं आहे. वही दाखवा. अभ्यासाचं असेल तर मी तसं लिहीन, तुमच्या घरीही कुणी काही बोलणार नाही. विषय संपला."

त्यांनी हात पुढे केला. वही अगदी माझ्याजवळ होती. उघडली असती तर पहिल्या पानावरच माझं निर्दोषपण सिद्ध झालं असतं. तारखा, सेकंद, हवा. एकही चिठ्ठी नाही, एकही नाव नाही. आणि शेवटच्या वीस पानांवर, नसरीनच्या गोलगोल अक्षरात, चौदानंतर थांबले, चौदानंतर थांबले.

"न्हाई दाखवणार," मी म्हणाले. घाबरले की माझी घरची बोली बाहेर येते.

"का?"

"माझी वही आहे."

"मग मी काय समजायचं?"

"तुम्हाला काय समजायचं ते समजा."

असं मी त्याआधी कुणाही मोठ्या माणसाशी बोलले नव्हते. नसरीननं ओढणीची गाठ घट्ट धरून ठेवली होती. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करतेय हे त्यांना कळत नव्हतं, आणि ते सगळ्यात अवघड होतं. साहेबांनी सुस्कारा टाकला. "उद्यापासून इथं बसायचं नाही," एवढं म्हणाले, मामांना दोन शब्द सुनावले आणि ट्रॉलीवर बसून गेले.

संध्याकाळपर्यंत गावात झालं. वहीत असं काय होतं की पोरीनं साहेबालासुद्धा दाखवली नाही? आता तर पुरावाच मिळाला.

अप्पा मान खाली घालून जेवत होते. आईनं भाकरी थापता थापता मागे न बघता विचारलं, "कावून न्हाई दाखवली?"

मी ताटातली भाकरी मोडत राहिले.

"लोकं काय बोलायलेत म्हाईत हाय का? रविवारी लातूरचे पाव्हणे यायलेत. त्यांच्या कानावर गेलं नसंल का?" पाहुणे म्हणजे मला बघायला येणारे. मुलगा लातूरला कॉम्प्युटर क्लास चालवत होता. आईनं हात धुतले आणि पुढ्यात येऊन बसली. "दे ती वही."

माझी आई वडवणीची, चौथीपर्यंत शिकलेली. तिला मी वही दिली. तिनं पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. अप्पा बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी समोर बसून राहिले. ती एकही पान सोडत नव्हती. आईला मी इतका वेळ काहीही वाचताना त्याआधी बघितलं नव्हतं. शेवटाकडे येता येता तिचं बोट थांबलं.

"चौदानंतर थांबले, थांबले. हे सारखं कोण थांबायलंय?"

"तुळशीराम मामा. त्यांचा खांदा गेलाय."

आईनं वही मिटली. उठली, नव्या जवारीची कोठी उघडली, हात कोपरापर्यंत आत घालून वही तळाशी खुपसली आणि झाकण लावलं. मग मला म्हणाली, "जेव आता."

रविवारी पाहुणे आले. मुलाचे मामा-मामी आणि तो मुलगा. पोहे झाले, चहा झाला. मी साडी नेसून बसले होते. मुलाच्या मामींनी बशी खाली ठेवली आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "मुलगी रेल्वे गेटवर जाते म्हणं. काही काम असतं का तिकडं?"

अप्पा खाली सतरंजीकडे बघत होते. मला वाटलं आता आई म्हणेल, कॉलेजचं काम होतं, संपलं. तसं म्हणायचं हे आदल्या रात्री अप्पांनी सुचवलंही होतं.

आई म्हणाली, "घंटी ऐकाया जाते."

"घंटी?"

"फाटकाची. बावीस टोले असत्यात. तिला आवडतं." आणि मग, जसं काही आपण पोरीला भरतकाम येतं असं सांगतोय, "अजून चहा घ्या की."

त्या मामींना हसावं का उठावं ते समजेना. थोड्या वेळानं त्या उठल्याच. निरोप चार दिवसांनी आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती. आमच्यात कुणाला फार वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. अप्पा दोन दिवस कमी जेवले. तिसऱ्या दिवशी दुकानातून येताना त्यांनी मला विचारलं, "बावीसच का गं? पंचवीस का न्हाईत?" मी त्यांना चाकाचं आणि बांबूचं सांगितलं. ते नीट ऐकत होते, भावताव ऐकावा तसे.

तुळशीराम मामांचं मात्र असं सहज सुटलं नाही. आम्ही आता अंगणात जात नव्हतो, पण एक दिवस सायकलवरून जाताना त्यांनी हात करून थांबवलं.

"पोरींनो, एक इचारतो. त्या दिशी वही कावून दाखवली न्हाई? तुमच्यापायी मला बोलनं बसलं, ते ऱ्हाऊ द्या. पर तुमीच बदनाम झाल्या की."

मी म्हणाले, "असंच." नसरीनला असं बोलता येत नाही. तिनं सरळ सांगून टाकलं. "मामू, उसमें तुमचा खांदा होता. चौदाव्या टोल्याला तुमी थांबता. रोज."

मामांनी डाव्या हातानं उजवा दंड धरला, मग सोडून दिला, जणू तेही आम्ही वहीत लिहिलं असतं. म्हणाले, "तीस वर्सं वाजिवली. मला वाटलं कुनी ऐकतच न्हाई."

आतल्या चाकाकडे त्यांनी एकदा वळून बघितलं.

"म्या सोताबी न्हाई ऐकली कदी," ते म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात मामा आपण होऊन रेल्वेच्या डॉक्टरकडे गेले आणि खांद्याचं सांगून आले. त्यांना कुणी पकडलं नव्हतं. रुक्मिणमामी आमच्यावर चिडली; तिचा राग खरा होता. क्वार्टर सोडावं लागलं. त्यांना दुसऱ्या स्टेशनवर वेटिंगरूमच्या कामाला टाकलं. जाताना मामांनी आम्हाला निरोप ठेवला होता, नव्या गेटमनजवळ नाही, रस्त्यापलीकडच्या पानटपरीवर: "पोरींना म्हनावं, लपवून ऱ्हायलो असतो तर रोज चौदाव्याला त्यांची आठवन झाली असती." यात आभार होते की तक्रार, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी ठरवायचा प्रयत्नही करत नाही. आम्ही ऐकलं म्हणून एक म्हातारा माणूस आपल्या घरातून उठला. ऐकण्यानं कुणाचंच काही बिघडत नाही, असं मी कधी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की मी ऐकणार.

नसरीन आता परभणीला असते. तिनं वडिलांचं दुकान काही वर्षं चालवलं, बाई घड्याळ दुरुस्त करते म्हणून लोक बघायला यायचे, मग त्यांनाही सवय झाली. माझं लग्न पुढं झालं, माझ्या नवऱ्याला मी पहिल्याच भेटीत घंटेचं सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, "बरं." इतकं चांगलं उत्तर मला पुन्हा कुणी दिलेलं नाही. आता रस्त्यांना भुयारं होत आहेत, फाटकं चाललीत. कुणी अडकत नाही, हे चांगलंच आहे. अँब्युलन्स अडकत नाही, एसटी अडकत नाही. मी त्याविरुद्ध अर्ज घेऊन कुठं जात नाही. पण कुणी मला म्हटलं की जुन्या गोष्टींत रमू नये, तर मी त्याला सांगते, मी जुन्या गोष्टींत रमत नाही. मी घंटा ऐकते. ती वाजते तेव्हा आत्ताच वाजत असते.

त्या वर्षीचा शेवटचा पेपर एप्रिलच्या मध्यावर होता. दुपारी दोनला सुटलो. ऊन असं की सायकलचं हँडल धरवत नव्हतं. रानं मोकळी झाली होती, नुसती धसकटं, आणि लांब चिमण्यांवरची हवा थरथरत होती. आम्ही फाटकाशी आलो आणि आत फोन वाजला.

नवा गेटमन दांडग्या अंगाचा, तिशीचा. त्यानं आम्हाला सायकलींवरून उतरताना बघितलं आणि खिडकीतून ओरडला, "ओ, इथं बसायचं न्हाई. साहेबांचं सांगणं हाय."

"बसलो कुठं?" नसरीन म्हणाली. "उभं हाय आमी. रस्ता तुमच्या साहेबांचा हाय का?"

त्याला काम होतं. त्यानं चाक फिरवायला घेतलं. पहिला टोला पडला. दुसरा. भरभर, तरण्याताठ्या हाताचे, एकसारखे. आमच्या पुढं कडब्याची गाडी होती, मागं जीप, जीपमागं ट्रॅक्टर. नसरीनच्या हातात स्टॉपवॉच नव्हतं, माझ्याकडे वही नव्हती. आम्ही मोजत होतो. बारा, तेरा, चौदा. चौदाव्यानंतर काहीच थांबलं नाही, पंधरावा लगेच आला. नसरीननं माझं मनगट धरलं. वीस, एकवीस, बावीस. बांबू टेकला.

तार सरसरली. वळणावर हात पडला. गाडी आली, धडधडत गेली, तिच्यामागं धुळीचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास राहिला. मग चाक उलटं फिरलं, बांबू वर गेला, आणि रांग सुटली. बैल उठले. जीपवाल्यानं हॉर्न लावून धरला. आम्ही मधोमध सायकली धरून उभ्याच.

"चला की बे," तो खिडकीबाहेर डोकं काढून म्हणाला, आणि मग पोरी आहेत हे बघून जरा सावरून, "ओ ताई, गेट उघडलंय. जायचं न्हाई का?"

"तुम्ही जा," मी म्हणाले आणि पुढची गाडी येईपर्यंत थांबायचं म्हणून सायकल कडेला घेतली. "आम्हाला पलीकडं जायचं नाही."